काठमायचे पाय

एखादं गाव मुद्दाम बघायला जावं असं मला जन्मात कधी वाटलं नाही. माझं कामच गावोगाव हिंडायचं होतं. शाळांना नकाशे, तक्ते आणि पृथ्वीचे गोल पुरवणाऱ्या अकोल्याच्या एका दुकानाचा मी फिरता विक्रेता. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, भिंतीवरचे जुने नकाशे एकदम चुकीचे ठरले होते, त्यामुळे आमच्या धंद्याला बरे दिवस होते. एसटीतून उतरायचं, हेडमास्तरांसमोर नवा नकाशा उलगडायचा, चहा घ्यायचा आणि पुढची गाडी गाठायची. वेशी, बुरूज, शिलालेख यांचं मला काडीचं कौतुक नव्हतं. मी मूळचा साताऱ्याकडचा, तिकडे दगडांना काय तोटा? तरीही बुलढाणा जिल्ह्यातल्या एका गावाचा दगड न् दगड मला आजही पाठ आहे, आणि हे पाप वामनरावजींचं आहे.

त्या गावाला मी इथे आसलखेड म्हणतो. खरं नाव निराळं आहे आणि नदीचं नावही मी सांगणार नाही. नांदुऱ्याला गाडी बदलून तिथे जावं लागे, एवढं पुरे. तिथे अजून माणसं राहतात.

पहिल्या खेपेला मी एसटीतून उतरलो तोच एका उंच, वाळक्या म्हाताऱ्यानं माझ्या खांद्यावरून काहीतरी चिमटीत उचललं, हवेत सोडलं आणि म्हणाला, "रुई होती." मी खांद्याकडे पाहिलं. तिथे रुई नव्हती, काहीच नव्हतं. धोतर, बंद गळ्याचा कोट, डोक्यावर काळी टोपी, आणि ऐन माघात काखेत छत्री.

"पाव्हने दिसता. कोन्या गावचे?"

मी सांगितलं.

"साजरं. हेडमास्तर आता जेवाले गेले असतीन. तवरीक चक्कर मारू, चला."

मी म्हटलं, मला गाव बघायचं नाही. तो म्हणाला, "पाहून तं घ्या. मंग म्हनसान का कोनी सांगतलं नाही." आणि माझी नकाशांची गुंडाळी स्वतःच्या काखेत मारून चालू लागला. छत्री एका काखेत, महाराष्ट्र दुसरीत. मला मागे जाणं भाग होतं.

हे वामनरावजी. गाव त्यांना म्यानेजरसाहेब म्हणे. नदीकाठच्या मोठ्या जिनचे, म्हणजे कपाशीतून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याचे ते मॅनेजर होते. सगळा जन्म त्या उडत्या रुईत गेल्यामुळे समोरच्याच्या अंगावरची रुई झटकायची सवय त्यांना लागली होती. जिन बंद पडून काही वर्षं झाली तरी हात थांबत नव्हता. नव्या जिना रेल्वेच्या बाजूला गेल्या आणि नदीकाठच्या तिन्ही जिना ओस पडल्या. दुसरा एखादा मॅनेजर गाव सोडून गेला असता. हे नगरपालिकेत निवडून आले आणि गावात उतरणाऱ्या प्रत्येक परक्या माणसाला गाव दाखवण्याचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. देवी टोचायला आलेले डॉक्टर, मोजणीदार, लग्नाचे वऱ्हाडी, कोणी सुटत नसे. एकदा म्हणे त्यांनी एका वरातीतल्या नवरदेवालाच घोड्यावरून उतरवून बाजारवेस दाखवली होती. मुहूर्त टळला, पण नवरदेवाला वेशीवरच्या हत्तींच्या सोंडा कुठे वळतात ते कळलं.

त्यांच्या चक्करीचा एक नेम होता. आधी जुनी पेठ. लोखंडी खिळ्यांच्या दरवाजाची बाजारवेस, मग रंगाऱ्यांची गल्ली, तिथल्या दगडी कुंड्यांच्या तळाला अजून निळा थर होता. मग राममंदिर आणि मशीद, दोघांत मिळून एकच भिंत. प्रत्येक ठिकाणी ते थांबत आणि म्हणत, "हात लावून पाहा." नुसतं डोळ्यांनी पाहणं त्यांना मंजूर नव्हतं. हात लावल्याशिवाय ते पुढे हलत नसत. मी चिडून वेशीच्या खिळ्यावर हात ठेवला तर म्हणाले, "असा नाही, पुरा तळवा. दगडाले बी समजलं पाहिजे का कोनी आलं."

पेठ संपली की पाणवेस. तटाच्या भिंतीतली ही वेस नदीकडे उघडते. तिथून रुंद पायऱ्या उतरून खाली गेलं की तट आणि नदी यांच्यामधला सपाट पट्टा लागतो. तिथेच त्या तीन जिना होत्या आणि इथे आल्यावर म्हाताऱ्याचा चेहरा पार बदलून जाई.

कारण हे सगळं त्यांनी घडवलेलं होतं. रुईची गोदामं मधे भिंती घालून घरं झाली होती, पुढे ओटे, खिडक्यांना निळा रंग. कपाशीच्या गाड्या उभ्या राहत तिथे बाग होती. इंजिनघराच्या जागी वाचनालय. धुरांड्याच्या टोकावर विजेचा दिवा होता, आणि संध्याकाळी तो लागला की वामनरावजी टोपी काढून त्याला नमस्कार करत. काठाला दगडी कठडा बांधून फिरायला रस्ता केला होता. त्या नव्या वस्तीत माणसं हौसेनं राहायला आली होती. पहिलं घर त्यांनी आपल्याच मुलाला घ्यायला लावलं होतं. मुलगा संग्रामपूरला नोकरीला, आठवड्याला येणारा. घरी सून शकुंतला, दोन नाती आणि हे स्वतः.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. मेलेल्या कारखान्यात माणसं जेवतायत, पोरं धावतायत, हे बघून माझ्यासारख्या कोरड्या माणसालाही बरं वाटलं.

"आता माय पाहा," ते म्हणाले.

काठमाय म्हणजे काळ्या दगडाची उभी बाई. चेहरा झिजून सपाट झालेला, पण पावलं मात्र आत्ता घडवल्यासारखी, बोटं न् बोटं स्पष्ट. पूर्वी ती, पाणवेशीच्या पायऱ्या पट्टा ओलांडून नदीशी संपतात तिथे, अगदी खाली, एका बसक्या चौथऱ्यावर उभी असे. तिच्या आसपास बाया कपडे धूत, पावसाळ्यात ती चिखलात असे. आणि तिच्याबद्दल गावात एक रीत होती. नदी वाढली की लोक आभाळाकडे बघत नसत, नदीकडे बघत नसत. मायचे पाय बघत. पाणी पायाला लागलं की कोणीतरी ओरडे, "मायचे पाय भिजले!" आणि खालच्या पट्ट्यातला माणूस न् माणूस असेल तसा उठून वेशीतून वर गावात जाई. दुसरा प्रश्न विचारायचा नाही. पाणी ओसरलं की बाया आधी मायजवळ जात, पदरानं तिचे पाय पुसत, हळद-कुंकू लावत आणि मग आपापल्या घरातला गाळ काढायला घेत.

"इतकी मोठी माय," वामनरावजी सांगत होते, "अन् चिखलात उभी. आमी पक्क्या घरात राहाचं अन् तिनं गाळात? मले तं झोप येये ना. तवा इंजिनाचा चौथरा रिकामाच होता."

जिनचं इंजिन विकलं गेलं होतं, पण ते ज्याच्यावर बसवलेलं होतं तो दगडी चौथरा तसाच होता, दोन पुरुष उंचीचा, भक्कम. त्यावर मायला नेलं होतं. वाजतगाजत, पालखीतून, साऱ्या गावानं. वर घुमट बांधला, चढायला पायऱ्या केल्या. माय नदीकडे तोंड करून उभी होती. बाया त्या दिवशी आनंदानं रडल्या, असं ते म्हणाले, आणि सांगताना त्यांचेही डोळे भरले. मी वर चढून पावलांना हात लावला. पुरा तळवा. दगड उन्हानं तापलेला होता.

पुढे दरवर्षी दोन-तीन खेपा होऊ लागल्या. दर वेळी चक्कर ठरलेली. मी कुरकुरत जाई आणि मनातून वाट बघे. शकुंतलाबाई भाकरी आणि ठेचा खाल्ल्याशिवाय सोडत नसत. "बाबूजीले तुमी पाह्यजे, अन् तुमाले ठेचा," असं म्हणत. धाकटी नात माझ्या पृथ्वीच्या गोलावर आसलखेड शोधत बसे आणि सापडत नाही म्हणून माझ्यावर रुसे.

मधली दोन-तीन वर्षं पाऊस बेताचाच झाला. नदी काठातच राहिली.

एका ज्येष्ठात मी गेलो तेव्हा बरोबर एक नवे मोजणीदार होते. चक्कर तिघांची निघाली. वामनरावजी रंगात होते. पाणवेशीच्या पायऱ्या उतरून आम्ही मायच्या जुन्या, रिकाम्या चौथऱ्यापाशी आलो. त्यांनी नेहमीप्रमाणे त्यावर तळवा ठेवला आणि नेहमीचं बोलायला सुरुवात केली.

"इथी माय उभी होती. पानी इथी लागलं का समदी खालची आळी वर जाये. आता माय..."

बोलता बोलता दुसरा हात त्यांनी वर, नव्या घुमटाकडे दाखवला. आणि तो हात तसाच राहिला. एक तळवा खाली दगडावर, दुसरा हात वर. त्यांची नजर त्या हातापासून घरांवरून गेली. मायची पावलं नव्या वस्तीच्या कौलांच्या वळचणीला आली होती. घरांचे उंबरे, ओटे, खिडक्या, पोरांचे पाळणे, सगळं तिच्या पायांच्या खाली होतं.

मोजणीदार म्हणाले, "पुढं?"

वामनरावजी वळचणीकडेच बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. मला आधी वाटलं ऊन लागलं. मग माझीही नजर तीच वाट चालून गेली आणि मलाही ते दिसलं. त्या दिवशी चक्कर अर्धीच राहिली. आम्हाला तिथेच सोडून ते घरी गेले, छत्री चौथऱ्यावर विसरून. ती मी नेऊन दिली तेव्हा ते ओट्यावर बसले होते आणि दोन्ही नाती समोर फुगडी घालत होत्या. ते फुगडी बघत नव्हते, पोरींच्या डोक्यापासून वळचणीपर्यंतची भिंत बघत होते.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते गावाला आजवर समजलेलं नाही. त्यांनी नगरपालिकेत उभं राहून सांगितलं, मायला पुन्हा खाली आणू. सभेत गोंधळ उडाला. वर बसवलेल्या देवीला खाली उतरवायचं? चिखलात? अध्यक्ष म्हणाले, "म्यानेजरसाहेब, तुमीच तं चढवली!" बायांचा घोळका घरी आला. म्हाताऱ्यांनी घरासमोरून जाताना मान फिरवली. शकुंतलाबाईसुद्धा पाठीशी उभ्या राहिल्या नाहीत. त्या महिनाभर मी तिथल्याच भागातल्या शाळा करत होतो, माझ्यासमोरच त्या म्हणाल्या, "बाबूजी, लोकं काय म्हनतीन? पाप कोनाच्या माथी येईन? पोरींच्याच ना?"

"पोरींसाठीच सांगून राह्यलो बाई," ते म्हणाले.

"मायले काय समजत नाही काय? तिले समजते."

मायवर त्यांचाही तेवढाच विश्वास होता. तिच्या समजण्यावर शंका घ्यायची त्यांची छाती नव्हती. शेवटी त्यांनी स्वतः चुना आणून जुन्या चौथऱ्यावर एक जाड पांढरी रेघ ओढली आणि घरोघर सांगून आले, की इथे पाणी लागलं की निघायचं. लोक हो हो म्हणाले. आठवड्यानं मी पाहिलं तर त्या रेघेवर कोणाचंतरी लुगडं वाळत होतं.

पूर आला तो पोळ्याच्या आधी, आणि आला तेव्हा आसलखेडला लख्ख ऊन पडलं होतं.

पाऊस वरच्या अंगाला, डोंगरात पडत होता. मी सकाळीच येऊन अडकलो, कारण पुलावरून पाणी जाऊ लागलं आणि परतीची गाडी बंद झाली. दुपारी वामनरावजींना शोधत खाली उतरलो तर ते जुन्या चौथऱ्याजवळ उभे होते. नदी तांबडी, तुडुंब, आणि आवाज जवळजवळ नाहीच. खळखळणाऱ्या पाण्याचं इतकं भय वाटत नाही. आमच्यासमोर ते चुन्याच्या रेघेला लागलं, रेघ विरघळली आणि चौथरा पाण्याखाली गेला. त्यांनी माझा दंड धरला.

ते वस्तीत धावले. "निघा! वर चला! चौथरा बुडाला!"

लोक दारात आले. आभाळ निळं होतं, अंगणात पापड वाळत होते. कोणीतरी विचारलं, "मायचे पाय भिजले काय?"

"नाही भिजले. पन..."

"मंग येतो ना साहेब. दाळ चुलीवर हाय."

कोणी हसलं नाही, कोणी चेष्टा केली नाही. ते फार वाईट होतं. त्यांच्याशी लोक प्रेमानं बोलत होते आणि जागचे हलत नव्हते. बागेच्या पलीकडल्या टोकाला पाणी आत शिरलं होतं, गवताखालून येत होतं, दिसतही नव्हतं. वामनरावजी घरासमोर थांबले. धाकटी नात ओट्यावर कागदाची होडी करत बसली होती. ते तिच्याकडे पाहत राहिले. मग वळले आणि वाचनालयाच्या भिंतीआड गेले. माय नदीकडे तोंड करून असल्यामुळे वस्तीतून फक्त घुमट आणि चौथऱ्याची पाठ दिसे, पाय दिसत नसत. पाय बघायचे तर त्या भिंतीला वळसा घालून जावं लागे. मी त्यांच्यामागून गेलो. ते वर चढलेच नाहीत. भिंतीपाशी उभे राहिले, डोळे मिटले, हात जोडले, आणि तसेच परत फिरून ओरडत निघाले.

"मायचे पाय भिजले! मायचे पाय भिजले!"

शकुंतलाबाई परातीसकट बाहेर आल्या. "बाबूजी, खरं सांगा."

"मायच्या पायाची आन!"

त्या गावात ही शपथ कोणी घेत नसे. कोर्टात गीतेवर हात ठेवून खोटं बोलणारी माणसंही ही शपथ घेत नसत. परात खाली पडली. पुढे कोणीही काही विचारलं नाही. रीतच होती ती. म्हातारी माणसं पाठुंगळी, पोरं कडेवर, शेळ्या, गाठोडी, सगळा पट्टा पाणवेशीच्या पायऱ्या चढू लागला. चुलीवरची डाळ चुलीवर राहिली. शेवटची माणसं वेशीत पोचली तेव्हा बागेत कंबरभर पाणी होतं आणि ते एकदम वाढलं, कोणीतरी दार उघडून दिल्यासारखं.

माणूस एकही गेला नाही.

वेशीत मी तोंडं मोजत उभा होतो तेव्हा मला ते खाली दिसले. सगळे वर येत होते आणि ते उलट चालले होते, पाण्यातून, छत्री डोक्यावर धरून. मी हाका मारल्या. शकुंतलाबाईंनी टाहो फोडला. ते इंजिनाच्या चौथऱ्याच्या पायऱ्या चढले आणि मायच्या पायांशी जाऊन बसले. गाव तटावर गोळा झालं होतं, लोक हात जोडून म्हणत होते, बघा, मायला एकटी सोडली नाही. मला मात्र ते तिथे कशाला गेलेत ते ठाऊक होतं. आपण घेतलेली शपथ खरी व्हायची वाट बघत ते बसले होते. पाणी वर येत होतं आणि तो माणूस ते यावं म्हणून बसला होता. मी आयुष्यात इतका घाबरलो नाही.

पाणी खिडक्या बुडवून वर चढलं. मग थांबलं. पावलांच्या खाली, चांगलं हातभर खाली थांबलं, दिवस कलेपर्यंत तिथेच राहिलं आणि उतरू लागलं.

सकाळी चिखलातून सगळे तिकडे गेले. काठमायची पावलं ओली होती. बोटांच्या खाचांत तांबडा गाळ बसला होता, कुंकू वाहून गेलं होतं. बायांनी हंबरडा फोडला, पदरांनी ते पाय पुसले, तिथेच लोटांगणं घातली. वामनरावजी घुमटाच्या खांबाला टेकून होते. लोक त्यांच्याही पाया पडत होते. मी वाचनालयाच्या भिंतीकडे पाहिलं. पाण्याची ओली रेघ तिथे स्पष्ट होती, पावलांच्या बरीच खाली. दुसरं कोणीच भिंतीकडे बघत नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली.

दिवाळीनंतर मी पुन्हा गेलो. ते एसटीवर आले नव्हते. मीच त्यांना शोधत गेलो. ते बागेत बसले होते.

"म्या ओंजळीनं पानी घातलं," मी बसायच्या आधीच ते म्हणाले. "पानी उतराले लागलं तवा. गाळ बी म्याच लावला. तिच्या पायाची खोटी आन घेतली होती ना. भेव वाटलं."

मी म्हटलं, तुम्ही माणसं वाचवलीत.

"वाचवली? तिकडं पाहा."

मायच्या पायाशी नवी संगमरवरी पाटी बसली होती. 'या महापुरात मायचे चरण भिजले आणि लेकरे वाचली.' बागेपलीकडे, आणखी सखल जागेत, नव्या घरांचे पाये खणले जात होते. ज्या घरांच्या खिडक्या बुडाल्या होत्या तिथे माणसं दुप्पट विश्वासानं परत आली होती. माय सांगते, हे आता डोळ्यांनी पाहिलेलं होतं. आणि वाचनालयाची भिंत नव्हती. लोकांनी श्रमदानानं पाडली होती आणि मायला चौथऱ्यावरच वस्तीकडे तोंड करून फिरवून बसवलं होतं. आता प्रत्येकाच्या दारातून पाय दिसत.

"आता म्या ओरडलो तं दारातूनच पाहतीन," ते म्हणाले. "कोरडे दिसतीन. अन् दाळ चुलीवर ठेवतीन."

मी विचारलं, खरं सांगून का टाकत नाही?

"सांगतलं ना. पालिकेत सांगतलं. देवळापाशी, समद्या बायांसमोर सांगतलं. म्हनलं, पानी लागलंच नव्हतं, ह्या हातानं घातलं, मी खोटा हाय." त्यांनी आपली ओंजळ माझ्यासमोर धरली. "तं म्हातारे म्हनतात, ओंजळ तुमची, पन पानी मायनंच मांगतलं. शकुंतला म्हनते, बाबूजी थकले. तटावरून पाह्यलं समद्यांनी, पन त्याहीले पाय भिजलेलेच आठवते."

मग त्यांनी माझ्या बाहीवरून चिमटीनं रुई उचलली, नसलेली, आणि हात तसाच धरून बसले. मला त्यांची इतकी दया आली की मी उठून धुरांड्यापर्यंत जाऊन आलो. मी साक्षीदार होतो. मीही एक-दोघांना सांगून पाहिलं. त्यांनी मला चहा पाजला आणि नवीन राज्याच्या नकाशाबद्दल विचारलं.

पुढच्या वर्षांत चक्कर दुसरी पोरं मारू लागली. ती पाहुण्यांना पाटी दाखवत, पाटीला हात लावायला सांगत. वामनरावजी मात्र मृग लागला की रोज खाली उतरत. पाणवेशीच्या पायऱ्यांच्या तळाशी, मायच्या जुन्या रिकाम्या चौथऱ्यावर जाऊन बसत. चपला बाजूला काढलेल्या, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पावलं चौथऱ्यावर जिथे तिची असायची तिथे टेकवलेली. डोक्यावर छत्री, ऊन असो वा पाऊस. गावानं त्याला म्हातारपणाचा नाद म्हटलं. शकुंतलाबाई जेवायचा डबा तिथेच पाठवत. मी एकदा विचारलं, पाणी लागलं तर काय कराल?

"ओरडीन."

"आणि कोणी ऐकलं नाही तर?"

"उठनार नाही," ते म्हणाले. "माय उठत होती काय?"

माझी बदली सोलापूरकडे झाली. शेवटच्या खेपेला निरोप घ्यायला गेलो तर ते चौथऱ्यावरून हलले नाहीत. बसल्याबसल्याच त्यांनी माझा खांदा झटकला. मी चौथऱ्यावर हात ठेवला, त्यांनी न सांगता, पुरा तळवा. दगड कोरडा होता. नदीला पाणी बऱ्यापैकी होतं आणि डोंगराकडे आभाळ काळं होतं, गावात मात्र ऊन पडलं होतं. शाळेतलं काम संपायला दुपार झाली आणि मी मिळाली ती गाडी पकडली.

गाडी पुलावर आली तेव्हा मी खिडकीतून मागे वळून पाहिलं. नव्या घरांच्या ओट्यांवर पापड वाळत होते, पोरं बागेत होती, चुलींचा धूर सरळ वर जात होता. जुन्या-नव्या दोन्ही ओळींतल्या दारांसमोर माय उंच उभी होती. खाली काठाला काळी छत्री दिसली. छत्रीखालून एक हात वर झाला आणि हलू लागला. मीही हात हलवला. गाडी पूल उतरली तरी तो हात हलतच होता, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की निरोपाचा हात इतका वेळ कोणी हलवत नाही. मी कंडक्टरला ओरडून गाडी थांबवायला सांगितली. त्यानं आभाळाकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं आणि दोरी ओढली नाही. त्यांचे पाय ओले होते की कोरडे, ते मला पुलावरून दिसलं नव्हतं.